कोरडं नेऊ, तिथे ओलं करू

एप्रिल लागला की आमच्या गटाच्या फोनवर एकच प्रश्न येतो : "ताई, उन्हात टिकेल असं काय आहे?" हिवाळ्यात हेच लोक "काय काय मिळेल?" असं विचारत असतात. अमरावतीच्या उन्हाळ्यात जिभेपेक्षा घड्याळाचं जास्त ऐकावं लागतं, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं.

आमचा बायकांचा बचत गट आहे. सुरुवात पापड-कुरड्यांनीच झाली, पण कुरड्या तर प्रत्येक गल्लीत वाळत असतात. मग आम्ही बाहेर, उघड्यावर जमणाऱ्या लोकांना मधल्या वेळचं खाणं पुरवायला लागलो. मुलांची सुट्टीतली शिबिरं, ऑफिसच्या सहली, गावोगावचं श्रमदान, मेळघाटातली बुद्धपौर्णिमेची रात्र. या लोकांना जेवण नको असतं. 44-45 अंशाच्या उन्हात भरल्या पोटानं कुणाला काही सुचत नाही. त्यांना झाडाखाली बसून चार घास सगळ्यांनी मिळून खायचे असतात, आणि पुन्हा कामाला लागायचं असतं.

हे काम करता करता एक नियम हाताशी आला, तो म्हणजे कोरडं न्यायचं आणि ओलं तिथे करायचं. पदार्थ घरून पूर्ण करून न्यायचाच नाही. शेवटची पायरी झाडाखाली.

नियमामागचं कारण अगदी साधं आहे. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात अन्नातले जंतू भराभर वाढतात. शिजवलेला ओलसर पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास, असं अन्नसुरक्षेचं शिक्षण देणारे सांगतात. आमच्याकडे मे महिन्यात 32 अंश सकाळी नाश्त्यालाच होऊन जातात. म्हणजे पहाटे पाचला तळलेला समोसा नऊच्या चहाला द्यायचा, तर हिशेब आधीच बिघडलेला असतो. वरून समोसा छान कुरकुरीत दिसतो, पण आतला आलू ओला, कोमट आणि कोंडलेला. शिजलेल्या आलूत आणि भातात काही जंतूंचे बीजाणू उकळूनही जिवंत राहतात आणि कोमट ओलावा मिळाला की जागे होतात. त्यामुळे मार्च ते जून आमच्या यादीत समोसा नाही, आलूवडा नाही, ओल्या नारळाची चटणी नाही, पनीर नाही. अमरावतीचा गिला वडा तर आमच्या गावची शान, पण तो दुकानात उभं राहून खायचा. दह्यात बुडवलेला वडा जीपच्या टपावरून चाळीस किलोमीटर नेणं म्हणजे गिऱ्हाइकाचा आणि वड्याचा दोघांचाही अपमान.

मग उरतं काय? उरतो कच्चा चिवडा.

विदर्भाबाहेरच्या वाचकांना चिवडा म्हटलं की दिवाळीचा डबा आठवतो. कच्चा चिवडा फोडणीचा नसतो. मुरमुरे, भाजलेले फल्लीदाणे, फुटाणे, थोडी शेव, तिखट, मीठ आणि कच्चं तेल. पूर्वी जवसाचं तेल घालत, आता बहुतेक जण फल्लीचं घालतात. यावर कांदा, टमाटर, हिरवी मिरची, कैरीचा कीस, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि वरून लिंबू. कुठेही गॅस लागत नाही, भांडी एक परात आणि एक चाकू. पण करणाऱ्याचा हात कच्चा असेल तर दहा मिनिटांत त्याचा लगदा होतो, आणि सगळी गंमत घालण्याच्या क्रमात आहे.

आधी तेल. मुरमुऱ्यांवर तेल धारेनं सोडायचं नाही, तळहातावर घ्यायचं आणि मुरमुरे दोन्ही हातांत चोळत वर उचलायचे, प्रत्येक दाण्याला चकाकी येईपर्यंत. तेलाचा पातळ थर बसला की मागून येणारा ओलावा लगेच आत शिरत नाही. मग तिखट-मीठ, तेही मुरमुऱ्यांनाच, कांद्याला कधीच नाही. कांद्याला मीठ लागलं की त्याला पाणी सुटतं, आणि ते पाणी परातीच्या तळाशी जमून सगळ्या चिवड्याला खाली ओढतं. म्हणून मीठ कोरड्यात, कांदा बिनमिठाचा, टमाटर बिया काढून, कैरी किसून घट्ट पिळून. लिंबू अगदी शेवटी, लोक गोल करून बसल्यावर. दाणे आणि शेव त्याच्याही नंतर. आमच्या गटातल्या एक काकू हे इतक्या सहज करतात की बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे! त्यांच्या चिवड्यातला शेवटचा घाससुद्धा कुरकुरतो. नवीन मुलीला आम्ही कांदा चिरायला बसवतो आणि परातीला हात लावू देत नाही. महिनाभर तरी नाही.

धंद्याच्या बाजूनंही हे बरं पडतं. पन्नास लोक सांगून तीस आले तर तीस जणांपुरतंच कालवायचं. उरलेले तेल न लावलेले मुरमुरे डब्यात परत. उरलेला समोसा मात्र गुरांनाही घालवत नाही.

श्रमदानाचे दिवस या कामाची खरी शाळा ठरले. पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप, म्हणजे श्रमदानानं पाणी अडवण्याची गावांची स्पर्धा, 2016 मध्ये झाली, तेव्हा राज्यातले तीनच तालुके त्यात होते : साताऱ्याचा कोरेगाव, बीडचा अंबाजोगाई आणि आमच्या जिल्ह्यातला वरूड. वरूड म्हणजे संत्र्याचा मुलूख, आणि संत्र्यासाठी बोअर खोल खोल नेत जमिनीखालचं पाणी संपवत आणलेला मुलूख. पुढे स्पर्धा तालुक्या-तालुक्यांत वाढली. 2018 मध्ये ती 8 एप्रिल ते 22 मे अशी होती, म्हणजे ऐन उन्हाची. त्याच वर्षी महाराष्ट्र दिनाला शहरातले लोक मोठ्या संख्येनं गावांत जाऊन कुदळ-फावडं धरत होते. चर खणायचे, दगडी बांध घालायचे, सकाळी साडेनऊ-दहापर्यंत थांबायचं, कारण त्यापुढे ऊन माणसाला उभं राहू देत नाही.

शहरातून आलेल्या मंडळींना सुरुवातीला पॅकेट हवं असायचं. प्रत्येकाला एक बॉक्स, त्यात एक सँडविच, एक केक, एक रसाची डबी. आम्ही तसं देऊनही पाहिलं, सँडविचऐवजी दुसरं काही घालून. बॉक्स हातात आला की माणूस आपापली सावली शोधतो, फोन काढतो आणि पाठ करून बसतो. परातीचं तसं नाही. परात मध्ये ठेवली की लोकांना तिच्याकडे तोंड करूनच बसावं लागतं. हात पुरला पाहिजे ना! मी तेव्हापासून बॉक्सची ऑर्डर घेत नाही. गिऱ्हाईक तोडलं तरी चालेल.

एका गावात एक गोष्ट पाहिली, ती सांगते. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक वाईट नव्हते आणि गोष्ट त्यांच्या एकट्याची नाही. माथ्यावर दोन झाडं होती, एक कडुनिंब आणि एक बाभूळ. दहा वाजता कुदळी ठेवल्या की एका वस्तीतले लोक निंबाखाली जाऊन आपल्या शिदोऱ्या सोडायचे, दुसऱ्या वस्तीतले बाभळीखाली. बाभळीची सावली ती काय, नावापुरती. कुणी कुणाला तिकडे जा म्हटलं नव्हतं. भाकरी तिकडची इकडे येत नव्हती, इकडची तिकडे जात नव्हती, एवढंच.

आम्ही परात ठेवली ती दोन्हींच्या मध्ये, कारण जीप तिथपर्यंतच चढली होती. काही ठरवून केलेलं नव्हतं. काकूंनी तेल चोळायला घेतलं आणि कांदे चिरायला माणसं हवीत म्हणून हाक मारली. आधी पोरं आली, मग दोन्हीकडच्या सुना, मग एक आबाजी काठी टेकत आले आणि म्हणाले, "बाई, घरूनच कालवून काहून नाई आनलं?"

"कालवून आनलं असतं त गोळा झाला असता, आबाजी," काकू म्हणाल्या. "लिंबू पिळा तुमी."

आबाजींनी लिंबू पिळलं. आणि हळूहळू सगळेच त्या परातीभोवती आले.

मी नंतर यावर पुष्कळ विचार केला. मुरमुरे, फुटाणे, लाह्या कुणाच्याही हातच्या चालतात, ही आपल्याकडची जुनीच रीत. यात्रेत फुटाणेवाल्याला जात कुणी विचारत नाही. पाणी पडलं, चुलीवर शिजलं, की तिथून पुढे हातचं-बितचं सुरू होतं. आमच्या परातीत ओलंही पडत होतं, पण ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, दोन्हीकडच्या हातांनी चिरून पडत होतं. मग हा चिवडा कुणाच्या हातचा म्हणायचा? ज्याला आक्षेप घ्यायचा असेल त्याला पकडायला काही सापडत नव्हतं.

चिवड्यानं गाव सुधारतं असलं काही मी म्हणणार नाही. निंबाखाली पाण्याचे दोन माठ होते, दोघांवर वेगवेगळे प्याले उपडे घातलेले. स्पर्धा संपेपर्यंत माठ दोनच राहिले.

पाण्याचा विषय निघालाच आहे. उन्हात खाणं एक वेळ नसलं तरी भागतं, पिणं नसलं तर माणूस आडवा होतो. त्यामुळे आमच्या प्रत्येक ऑर्डरला पन्हं किंवा अंबाडीचं सरबत असतंच, आणि तेही याच नियमानं. कैऱ्या उकडून गर काढायचा, त्यात गूळ, मीठ, जिरेपूड घालून घट्ट मिश्रण न्यायचं, पाणी तिथे. अंबाडीची लाल बोंडं हिवाळ्यातच वाळवून ठेवलेली असतात, ती रात्री भिजवून कुस्करली की दाट लाल अर्क निघतो. त्यालाही पाणी तिथेच लागतं. मेहनत करणाऱ्या लोकांचं पन्हं आणि लग्नातलं पन्हं मात्र एक नव्हे. लग्नातलं गोड हवं. घाम गाळणाऱ्याला मीठ हवं. घरी मीठ-साखरेचं पाणी करायचं प्रमाण आरोग्य कार्यकर्त्या सांगतात ते असं : एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आम्ही पन्हं त्याच्या आसपास ठेवतो. फार गोड पाणी अंगाला लागायला वेळ लागतो आणि तहान काही जात नाही. शहरातले लोक पहिला घोट घेऊन म्हणतात, गूळ कमी आहे. दोन तास खणून झाल्यावर तेच तिसरा पेला मागतात, तेव्हा गुळाची तक्रार नसते.

बर्फ आम्ही घालत नाही. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून तो निळा रंगवायचा, असा नियम 2018 मध्ये आला. पण उन्हाच्या तडाख्यात फोडलेला, पोत्यात गुंडाळलेला बर्फ कोणत्या पाण्याचा आणि पोतं कुठलं, हे कोण बघतं? त्यापेक्षा माठाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याच्या तोंडाला ठेवा. आमची हवा इतकी कोरडी की पाणी भराभर उडतं आणि माठ गार होतो. कूलर तरी दुसरं काय करतो?

हाच कोरडेपणा आमच्या चिवड्याचाही सोबती आहे. माझी नणंद डोंबिवलीला असते. तिच्या सोसायटीच्या बायकांना बागेत बसून खायला म्हणून मी एकदा सगळं सामान पाठवलं, क्रम फोनवर नीट समजावून सांगितला. तिकडे पुडा उघडल्या उघडल्या मुरमुरे सादळले. दमट हवेला आमचं तेल काय करणार? तिकडे लोकांनी फार पूर्वीच शहाणपणा केला आहे, दडपे पोहे खातात. पातळ पोहे मुद्दाम मऊ पाडायचे, ओलं खोबरं, कांदा, कैरी घालून दडपून ठेवायचे आणि लगेच संपवायचे. ज्याची हवा दमट त्यानं ओलाव्याला आपलं म्हणायचं. आमच्याकडे उलट. काकडी चिरून पंधरा मिनिटं ठेवली तर कडा वळतात. ब्रेड उघडा राहिला तर आपोआप टोस्ट. म्हणून काकडी आणि टरबूज आम्ही अख्खंच नेतो आणि समोर कापतो. टरबुजात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि सालीच्या आत ते जितकं सुरक्षित तितकं कुठल्याही डब्यात नाही. कापण्याआधी साल धुवायची मात्र, कारण सुरी सालीवरची घाण सोबत घेऊनच आत जाते. शिबिरातल्या पोरांना कापलेल्या फोडींपेक्षा कापताना बघण्यातच जास्त रस असतो, हा वरचा फायदा.

मेळघाटानं मात्र आमच्या चिवड्याला साफ नकार दिला.

मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प 1974 पासूनचा, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. तिथे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून येणारे प्राणी मोजायची जुनी पद्धत आहे. वाघांची खरी गणती आता कॅमेरा ट्रॅपनं होते, त्यामुळे ही रात्र आता बहुतेक निसर्गानुभवासाठीच राहिली आहे. माणसं दुपारी उन्हातच मचाणावर चढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतात. एका मंडळानं आम्हाला त्यांच्या खाण्याची ऑर्डर दिली. आम्ही चिवडा म्हटलं. संध्याकाळी तिथल्या एका वनरक्षकाचा फोन आला.

"ताई, वाजनारं काही देऊ नका बाप्पा. मांगच्या टायमाले एक साहेब रातभर पुडी फोडत होते. सांबर पान्यापर्यंत आलं, कुरुमकुरुम आयकलं, अन् गेलं."

"मग कांदा-पोहे देऊ?"

"कांदा बी नको. वास नको, आवाज नको. गोड बी कमीच ठेवा, आमच्याकडे अस्वलं हायत."

कुरकुरीत नको, वासाचं नको, गोड नको, ओलं टिकत नाही, पन्नी वाजते म्हणून पॅकिंगही नको! आमच्या गटात त्या रात्री मोठी चर्चा झाली. शेवटी उत्तर मिळालं ते सातूच्या पिठात. गहू भाजून, फुटाण्याची डाळ मिसळून, थोडं जिरं घालून दळलेलं पीठ. आजी-पणजीच्या काळापासून उन्हाळ्यात गुळाच्या पाण्यात कालवून खातात, आम्ही मिठाचं केलं. दर मचाणाला सुती फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी, एक स्टीलची वाटी, आणि पाणी त्यांच्याजवळ होतंच. हवं तेव्हा पीठ वाटीत घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालत बोटांनी मळायचं, लाडूसारखा गोळा करून एकमेकांना द्यायचा. सोबत मिठाच्या दशम्या. पाण्याऐवजी दुधात मळलेली दशमी प्रवासात टिकते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच. दोन्हींचा ना आवाज, ना वास.

दुसऱ्या दिवशी मंडळातल्या एका तरुणानं सांगितलं की त्यांच्या मचाणावर चार जणांत एकच वाटी असल्यानं रात्रभर ती हातोहात फिरत होती. मला विचाराल तर वाटी एकच देणं हे मुद्दाम होतं. चार वाट्या एकमेकींवर आपटल्या असत्या. त्यांना वाघ दिसला नाही. भेकर आणि रानडुकरं दिसली, असं तो म्हणाला.

पॅकिंगचं एक सांगायचं राहिलं. 23 मार्च 2018 ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा आमच्या धंद्यातल्या अनेकांनी डोक्याला हात लावला. थर्माकोलच्या ताटल्या गेल्या, पातळ पिशव्या गेल्या. आम्हाला फारसा फरक पडला नाही, कारण आम्ही पळसाचे द्रोणच वापरत होतो, तेही स्वस्त पडतात म्हणून. द्रोणाला फक्त एकच अट आहे. तो वाळलेला असतो, वापरायच्या आधी पाण्याचा हात फिरवून नरम करावा, नाहीतर घडीवर तडकतो आणि पन्हं मांडीवर येतं. काही जण अजून वर्तमानपत्राचे कोन मागतात, त्यांना ती जुनी मजा हवी असते. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई आहे आणि ती योग्य आहे. आमच्या चिवड्यात कच्चं तेल असतं, ते छपाईची शाई ओढून घेतं. बोटांवर काळं लागलेलं दिसतं, तेवढंच पोटात गेलेलं असतं.

लोकांना वाटतं, उन्हाळी खाणं म्हणजे काहीतरी थंडगार, गोड, रंगीत. आईस्क्रीमची पेटी घेऊन माळावर जाणारे लोक मी पाहिले आहेत. पहिल्या पाच जणांना आईस्क्रीम मिळतं, उरलेल्यांना दूध. उन्हात खाण्याचं काम गार करणं हे नाहीच. त्यानं पोट जड करायचं नाही, घामासोबत गेलेलं मीठ आणि पाणी परत द्यायचं, आणि माणसांना घटकाभर एका जागी बसवायचं. यातलं तिसरं काम बहुतेक ऑर्डरींत कुणी मागत नाही. आम्ही ते न सांगता सोबत देतो.

आता कुणी स्वतःच करणार असेल तर दोन गोष्टी. किराणा दुकानातले पुड्यातले मुरमुरे घेतले तर आधी कढईत कोरडेच पाच मिनिटं गरम करून घ्या, तेल मग. आणि पाणी माणशी किती लागेल याचा अंदाज बांधा, त्याच्या दीडपट न्या. आमच्याकडून हवं असेल तर दोन दिवस आधी कळवा, कैऱ्या उकडायला वेळ लागतो. समोसे हवे असतील तर पाऊस पडल्यावर फोन करा.